छोट्या हत्तीवर विजेची झूल

२१ डिसेंबर २०१५ रोजी संसद भवनाच्या आवारात एक छोटेखानी समारंभ झाला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लोकसभेच्या तत्कालीन अध्यक्ष आणि मूळच्या चिपळूणच्या सुमित्रा महाजन यांच्या हाती एका बसची किल्ली दिली. खासदारांच्या ने-आणीसाठी दिलेली ही बस कारखान्यातून विजेची म्हणून बाहेर पडलेली नव्हती. तिचे डिझेल इंजिन उतरवून त्या जागी मोटार आणि लिथियम बॅटरी बसवण्यात आली होती. हे तंत्रज्ञान पुण्याच्या केपीआयटी या कंपनीचे होते. जुन्या गाड्या भंगारात न घालता त्यांना विजेवर आणता येईल आणि राजधानीची हवाही सुधारेल, अशी आशा त्या दिवशी अनेकांना वाटली. या घटनेला दहा वर्षे उलटून गेली आहेत. संसदेच्या दारात जे एका बसला साधले, ते आझादपूरच्या मंडईत भाजी उतरवणाऱ्या टेम्पोला का साधले नाही, हा प्रश्न आता विचारायला हवा. त्याचे उत्तर तंत्रज्ञानात फारसे नाही. ते हिशेबात आणि सरकारी धोरणाच्या धरसोडीत आहे.

राजधानीत जुन्या गाड्यांची कोंडी कशी झाली, ते आधी पाहू. पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना दिल्लीच्या रस्त्यांवर मज्जाव करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये दिला. एप्रिल २०१५ मध्ये डिझेल वाहनांसाठी ही मर्यादा दहा वर्षांवर आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तरीही अंमलबजावणी रखडतच राहिली. अखेर १ जानेवारी २०२२ रोजी दिल्ली सरकारने एक लाखाहून अधिक जुन्या डिझेल वाहनांची नोंदणी रद्द केली. त्याच सुमारास मालकांपुढे तीन वाटा ठेवण्यात आल्या. गाडी भंगारात द्यावी, ना-हरकत दाखला घेऊन ती अन्य राज्यात न्यावी, किंवा मान्यताप्राप्त संस्थेकडून किट बसवून ती विजेवर चालवावी. तिसरी वाट ऐकायला सर्वांत सुखाची होती. गाडी हातची जात नव्हती, धंदा बंद पडत नव्हता आणि सरकारलाही आपण निर्दय नाही असे सांगता येत होते.

पुढच्या घटना वाचकांच्या स्मरणात ताज्या असतील. १ जुलै २०२५ पासून वयोमर्यादा ओलांडलेल्या गाड्यांना दिल्लीतील पेट्रोलपंपांवर इंधन न देण्याचा निर्णय अमलात आला आणि जनक्षोभ उसळताच काही दिवसांतच स्थगित झाला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई करू नये असा आदेश दिला. १७ डिसेंबर २०२५ रोजी हवेच्या स्थितीची दखल घेत न्यायालयाने हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. एका गाडीच्या भवितव्यासंबंधी सहा महिन्यांत तीनदा नियम फिरले. ज्याच्या घरची चूल त्या गाडीवर पेटते, त्याने अशा स्थितीत लाखो रुपये गुंतवावेत ही अपेक्षा कितपत रास्त आहे, याचा विचार धोरणकर्त्यांनी केल्याचे दिसत नाही.

प्रश्न मुख्यतः मालवाहू आणि प्रवासी व्हॅनचा आहे. खासगी मोटारीचा मालक गाडी विकतो, दुसरी घेतो आणि विषय विसरतो. व्हॅनचे तसे नसते. मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने बाजारात आणलेली एस ही चारचाकी, जिला आपण सारे 'छोटा हत्ती' म्हणतो, ती अनेक कुटुंबांची पहिली भांडवली मालमत्ता ठरली. सुमारे सातशे सीसीचे दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन, पाऊण टन माल वाहण्याची क्षमता आणि गल्लीबोळात वळेल एवढा आटोपशीर आकार, या गुणांवर तिने तीनचाकी टेम्पोची जागा घेतली. दुसरीकडे १९८४ पासून २०१९ पर्यंत बाजारात राहिलेल्या मारुतीच्या ओम्नीने शाळकरी मुलांपासून गॅस सिलिंडरपर्यंत सर्व काही वाहिले. २०१० मध्ये आलेली ईको आजही तेच काम करते. दिल्लीच्या निमशहरी वस्त्यांमधला पुरवठा, घरे बदलणाऱ्यांचे सामान, मंडपवाल्यांचे खांब आणि केटररची भांडी या गाड्यांवर हलतात. त्यांचे चालक-मालक बहुधा स्थलांतरित असतात. परमुलखात गाडीवर पोट भरणाऱ्याची मनःस्थिती राजधानीतील मराठी माणसाला निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

अशी व्हॅन विजेवर आणणे यांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. या गाड्यांत शक्ती मागच्या चाकांना मिळते आणि इलेक्ट्रॉनिक गुंतागुंत कमी असते. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि इंधनाची टाकी निघाली की वजन हलके होते आणि जागाही मोकळी होते. तेथे मोटार, कंट्रोलर, चार्जर आणि बॅटरी बसते. लोह-फॉस्फेट प्रकारच्या लिथियम बॅटरीत किलोमागे साधारण ११० ते १३० वॉट-तास ऊर्जा साठते. म्हणजे १५ युनिटांच्या बॅटरीचे वजन सव्वाशे किलोच्या आसपास भरेल. काढलेल्या सामानाच्या मानाने हा भार गाडीला झेपणारा आहे. मालासह धावणारी छोटी व्हॅन किलोमीटरला सुमारे ०.१५ युनिट वीज खाते असे धरले आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी न करण्याचे पथ्य पाळले, तर एका चार्जिंगमध्ये ८० ते ८५ किलोमीटर अंतर कापता येते. घरगुती १५ अँपिअरच्या सॉकेटवर ती रात्री पाच तासांत भरते. शहरातल्या ठरावीक फेऱ्यांसाठी एवढे पुरेसे आहे. अलवरहून किंवा आग्र्याहून माल घेऊन येणाऱ्यासाठी ते पुरेसे नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे.

तथापि इंजिन बदलले म्हणून गाडी नवी होत नाही. दहा वर्षे खड्ड्यांतून धावलेली चासी, थकलेले पाटे, गंजलेला तळ, ढिले स्टिअरिंग आणि झिजलेले ब्रेक तसेच राहतात. डिझेलच्या टाकीखालचा गंज दुर्लक्षिला तर फार तर गळती होते. तोच गंज शेकडो किलोच्या दाबाने हादरणाऱ्या बॅटरीच्या चौकटीला धरला, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. २०२२ मध्ये विजेच्या दुचाकींना लागलेल्या आगींनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले, ते योग्यच झाले. म्हणून रूपांतराची शिफारस सरसकट सर्व जुन्या गाड्यांसाठी करता येणार नाही. पंधरा-अठरा वर्षांच्या गाडीवर हा खर्च म्हणजे पडक्या भिंतीला रंग देण्याचा प्रकार होय. सात ते दहा वर्षे वयाची, सांगाडा शाबूत असलेली गाडीच त्यास पात्र ठरते.

आता पैशांचा हिशेब मांडू, कारण चालक-मालकाचा निर्णय शेवटी त्यावरच ठरतो. २०२५ मध्ये दिल्लीत डिझेलचा दर लिटरला सुमारे ८८ रुपये होता. जुना, भरलेला छोटा हत्ती लिटरमागे १६ किलोमीटर जातो असे धरले तर किलोमीटरला साडेपाच रुपये इंधनाचे पडतात. विजेच्या गाडीत चार्जिंगमधील गळती धरून किलोमीटरला ०.१७ युनिट लागले आणि युनिटला अधिभारासह आठ रुपये मोजले, तर खर्च दीड रुपयाच्या आत राहतो. ऑइल, फिल्टर आणि क्लचप्लेट यांवरची बचत जोडली, तर किलोमीटरमागे साडेचार रुपयांचा लाभ धरता येईल. हे आकडे मोठे दिसतात. पण किटची किंमत बसवण्यासह साधारण चार ते सहा लाखांच्या घरात जाते. आपण पाच लाख धरू आणि त्यासाठी बारा टक्के व्याजाने कर्ज काढले असे मानू.

रोज १०० किलोमीटर धावणारी गाडी वर्षाच्या तीनशे दिवसांत १ लाख ३५ हजार रुपये वाचवते. तिचे कर्ज सव्वापाच वर्षांत फिटते. (या गाडीला दुपारच्या जेवणाच्या वेळी तासभर चार्जिंग मिळाले पाहिजे, हे ओघाने आलेच.) रोज ६० किलोमीटर धावणारी गाडी वर्षाला ८१ हजार वाचवते. पहिल्या वर्षी त्यांतील ६० हजार व्याजातच जातात आणि कर्ज फिटायला जवळपास बारा वर्षे लागतात. दहा वर्षांची गाडी तोवर बावीस वर्षांची होईल आणि बॅटरी बहुधा दुसऱ्यांदा बदलावी लागेल. म्हणजे ६० किलोमीटरवाल्यासाठी हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. गंमत अशी की जी गाडी रोज शंभर किलोमीटर धावते, ती सहसा फार जुनी नसते. मालक ती वेळेवर बदलतो. जी खरोखर जुनी असते, ती कमी धावते, कारण तिच्या मालकाकडे काम कमी असते. दहा वर्षांच्या मर्यादेने ज्याला गाठले, त्यालाच ही सुटका परवडत नाही.

शाळेच्या व्हॅनचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. सीएनजीवर धावणारी ओम्नी दिवसाला ४० किलोमीटर आणि वर्षाला सव्वादोनशे दिवसांहून कमी चालते. २०२५ मध्ये दिल्लीत सीएनजीचा दर किलोला ७७ रुपयांच्या आसपास होता. किलोमागे २० किलोमीटर धरले तर विजेवर गेल्याने वर्षाला फार तर पंचवीस हजार वाचतील. पाच लाखांचे व्याजही त्यातून भागणार नाही. शिवाय ओम्नीची रचना चार दशकांपूर्वीची आहे. पुढे बसलेल्याच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय संरक्षण नाही आणि धडकेच्या नव्या सुरक्षा निकषांचा काळ आला तेव्हा २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अशा गाडीचे आयुष्य वाढवून तीत मुले बसवण्याला पर्यावरणाचे नाव देणे योग्य ठरणार नाही. शाळेच्या व्हॅनचा प्रश्न नवी, सुरक्षित गाडी परवडण्याजोग्या हप्त्याने मिळवून देऊनच सोडवावा लागेल.

रूपांतराची खरी स्पर्धा डिझेलशी आता उरलेली नाही. ती नव्या विजेच्या गाडीशी आहे. जून २०२५ मध्ये टाटांनी एस प्रो ही मालिका आणली. तिच्यातील विजेच्या आवृत्तीची प्रारंभिक किंमत साडेसहा लाख रुपये होती. १४.४ युनिटांची बॅटरी, पाऊण टन भारक्षमता, चाचणीतील १५५ किलोमीटरचा पल्ला आणि कंपनीची हमी हे सारे त्यात आले. जुन्या गाडीवर पाच लाख खर्च करायचे की जुनी विकून दीड लाख वर घालून नवी घ्यायची, असा पर्याय समोर आला तर शहाणा मालक नवी घेईल, आणि त्याने तसेच करावे. किटची किंमत तीन लाखांवर आली तर मात्र चित्र पालटते. ६० किलोमीटरवाल्याचे कर्ज मग सव्वापाच वर्षांत फिटते, १०० किलोमीटरवाल्याचे तीन वर्षांच्या आत. तेव्हा 'रूपांतर व्यवहार्य आहे का' या प्रश्नाचे उत्तर तीन लाख या आकड्यात दडलेले आहे. या आकड्याच्या वर ते मोजक्यांपुरते उरते. या आकड्याशी ते लाखोंच्या कामाचे होऊ शकते.

हा आकडा अशक्य आहे काय? तसे म्हणता येत नाही. २०२४ मध्ये जगात लिथियम बॅटरीची सरासरी किंमत प्रतियुनिट ११५ डॉलरवर आली होती. २०१० मध्ये ती हजार डॉलरच्या वर होती. या दराने १५ युनिटांची बॅटरी दीड लाखाच्या आत बसायला हवी. आपल्याकडचा किट-उत्पादक मात्र शे-दोनशे बॅटऱ्या घेतो आणि त्यासाठी किरकोळीचा भाव मोजतो. त्यात भर करांची. कारखान्यातून विजेची म्हणून निघालेल्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे, पण तीच बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. मोटारीचेही तेच. पाच लाखांच्या किटवर हा फरक पन्नास हजारांहून अधिक होतो. नवी गाडी घेणाऱ्याला सवलत आणि आहे ती गाडी सुधारणाऱ्याला चढा कर, हा न्याय वस्तू व सेवा कर परिषदेने कधी तरी तपासून पाहायला हवा होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेसाठी १०,९०० कोटी रुपयांची तरतूद झाली. तिचाही भर नव्या वाहनांवरच राहिला.

दुसरा अडथळा मान्यतेचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. विजेच्या किटसाठी केंद्राने २०१६ मध्ये नियम केले. किट पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या चाचणी संस्थेकडून त्या त्या मॉडेलसाठी मंजूर व्हावी लागते आणि अधिकृत केंद्रातच बसवावी लागते. एका मॉडेलची मंजुरी दुसऱ्याला चालत नाही. छोट्या उद्योजकाला प्रत्येक मॉडेलमागे चाचण्यांचा खर्च सोसावा लागतो, आणि तो अखेरीस ग्राहकाच्याच माथी येतो. याच शहरातल्या नाही तर पुण्यातल्या अनुभवाची येथे आठवण होते. केपीआयटीने भारत फोर्जच्या साथीने 'रेव्होलो' ही जुन्या मोटारींना संकरित करणारी किट २०१० मध्ये जाहीर केली तेव्हा तिच्यासाठी नियमच अस्तित्वात नव्हते. ते येईपर्यंत सहा वर्षे गेली आणि सामान्य ग्राहकाच्या हाती ती व्यापक प्रमाणात कधी पडली नाही. मराठी अभियंत्यांच्या कल्पकतेची अशी परवड यापुढे तरी टळावी.

तिसरा अडथळा अनिश्चिततेचा, आणि तो सर्वांत मोठा आहे. रूपांतरानंतर गाडीचे वय कोठून मोजायचे? आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस दाखला घ्यावाच लागतो. पण पुढील सात-आठ वर्षे ही गाडी केवळ जन्मतारखेवरून बाद होणार नाही, अशी लेखी हमी कोणी देत नाही. हमी नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, विमा कंपनी गाडीचे मूल्य ठरवत नाही आणि जुन्या बाजारात तिला गिऱ्हाईक नाही. मग मालक एक तर गाडी तशीच चोरून चालवतो, किंवा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून स्वस्तातली बॅटरी बसवून घेतो. दुसरा प्रकार पहिल्याहून अधिक धोकादायक आहे.

या संदर्भात दिल्लीनेच घडवलेला एक धडा आठवावा. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात राजधानीतील सर्व बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. जुने टॅक्सी-रिक्षा बदलण्यास मुदत आणि आर्थिक प्रोत्साहन, हा त्याच आदेशाचा भाग होता. मुदत पाळली गेली नाही. पंपांवर रांगा लागल्या, काही बसना आगी लागल्या, राजकीय पक्षांनी परस्परांवर आरोप केले. पण भुरेलाल समितीने पाठपुरावा सोडला नाही, एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने डिझेल बसना दररोजचा दंड लावला आणि त्या वर्षअखेर दिल्लीच्या रस्त्यांवरून डिझेलच्या शहर बस नाहीशा झाल्या. त्या लढाईत यश आले ते तीन गोष्टींमुळे: लक्ष्य एकच होते, ते पुन्हा पुन्हा फिरवले गेले नाही, आणि इंद्रप्रस्थ गॅससारखी पुरवठ्याची यंत्रणा उभी केली गेली. आज लक्ष्ये अनेक आहेत, ती दर हिवाळ्यात बदलतात, आणि गल्लीत गाडी उभी करणाऱ्याने ती कोठे चार्ज करावी याचे उत्तर नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, सरकारने खरे बोलावे. जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाला विजेचा दिलासा दाखवणे थांबवावे. पंधरा वर्षांपुढील गाड्या, ओम्नीसारख्या असुरक्षित रचना आणि कमी धावणाऱ्या व्हॅन यांसाठी मोडीत काढण्याचे चांगले मूल्य आणि नव्या गाडीसाठी कमी व्याजाचे कर्ज हाच मार्ग आहे. दुसरी गोष्ट, ज्यांच्यासाठी रूपांतर योग्य आहे त्या मर्यादित वर्गाची वाट मोकळी करावी. छोट्या मालवाहू व्हॅनच्या मोजक्या, सर्वाधिक खपलेल्या मॉडेलांची निवड करून त्यांच्या मंजुरीचा खर्च केंद्राने उचलावा आणि तो आराखडा सर्व उत्पादकांना खुला करावा. मान्यताप्राप्त किटवर नव्या गाडीइतकाच पाच टक्के कर घ्यावा. रूपांतरापूर्वी सांगाड्याची सक्तीची तपासणी असावी आणि ती उत्तीर्ण झालेल्या गाडीला, दरवर्षीच्या फिटनेसच्या अधीन राहून, किमान सात वर्षे चालवण्याची लेखी हमी द्यावी. बॅटरी वेगळी भाड्याने देण्याची व्यवस्था करावी. बॅटरीविना विजेच्या वाहनाची नोंदणी करण्यास केंद्राने ऑगस्ट २०२० मध्येच अनुमती दिलेली आहे. बॅटरी भाड्याची झाली तर सुरुवातीचा खर्च तीन लाखांच्या खाली आणणे कठीण नाही.

तिसरी गोष्ट दिल्ली सरकारच्या हातची आहे. विजेच्या हलक्या मालवाहू गाड्यांना २०२१ मध्ये सुमारे अडीचशे रस्त्यांवरील प्रवेशबंदीच्या वेळांतून सूट देण्यात आली. सकाळ-संध्याकाळचे हे तास टेम्पोवाल्याच्या दृष्टीने रोख रकमेसारखे आहेत. दिवसाकाठी एखादी फेरी वाढली तर त्याचा सारा हिशेब बदलतो. ही सूट रूपांतरित गाडीलाही आहे, हे रस्त्यावरच्या वाहतूक हवालदारापर्यंत स्पष्ट शब्दांत पोहोचले पाहिजे. तेलंगणाने २०२० च्या आपल्या धोरणात ऑटोरिक्षांच्या रूपांतराला साह्य देऊ केले. फ्रान्सने त्याच वर्षी पाच वर्षांहून जुन्या गाड्यांचे विजेवर रूपांतर कायदेशीर करून पुढे त्याला अनुदानही जोडले. राजधानीला यांतून घेण्यासारखे बरेच आहे.

पर्यावरणाच्या लाभाबाबतही अतिशयोक्ती नको. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे आपल्या व्हॅनच्या हिशेबाने किलोमीटरला १७० ग्रॅमच्या आसपास. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे आणि युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू सोडते. त्या हिशेबाने विजेची व्हॅन किलोमीटरला १२० ग्रॅम सोडते. बचत आहे, पण ती चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक, एवढीच. खरा लाभ स्थानिक आहे. बदरपूरचे औष्णिक केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले. विजेचा धूर आता दिल्लीच्या वस्त्यांत नाही. डिझेलचा धूर मात्र थेट हातगाडीवाल्याच्या, पदपथावरच्या मुलाच्या आणि खुद्द त्या चालकाच्या नाकाशी सुटतो. तो थांबणे हे पुरेसे कारण आहे. त्यासाठी जागतिक तापमानवाढीचा डांगोरा पिटण्याची गरज नाही.

राजधानीत राहणाऱ्या मराठी वाचकाचा या प्रश्नाशी आणखी एक संबंध आहे. दिल्लीने नाकारलेली डिझेल गाडी नाहीशी होत नाही. ना-हरकत दाखला घेऊन ती दुसऱ्या राज्यात जाते. राजधानी जो धूर आपल्या अंगणातून झाडून काढते, तो अन्य राज्यांतील एखाद्या जिल्ह्याच्या गावाच्या पदरी पडतो. आपल्यापैकी जे मंत्रालयांत जबाबदारीच्या जागी आहेत, त्यांना हे चक्र अधिक जवळून दिसते. त्यांच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकरणास अपात्र ठरली. पण त्या वयाला पोहोचण्यापूर्वीच्या, ठरावीक फेऱ्या करणाऱ्या आणि रात्री एकाच आवारात उभ्या राहणाऱ्या सरकारी व्हॅन प्रत्येक खात्याकडे आहेत. टपालाच्या गाड्या, रुग्णालयांच्या सामानगाड्या, महापालिकेच्या कचरागाड्या यांचा त्यांत समावेश होतो. पल्ला, चार्जिंग आणि देखभाल या तिन्ही अडचणी तेथे सर्वांत कमी आहेत. अशा काही हजार गाड्यांची एकत्रित मागणी निघाली तर बॅटरी घाऊक भावात येईल, मंजुरीचा खर्च विभागला जाईल आणि किट तीन लाखांकडे सरकेल. सामान्य टेम्पोवाल्याने धोका पत्करण्याआधी तो सरकारने पत्करावा, हे नैतिकदृष्ट्याही उचित आहे.

२०१५ साली संसदेने आपल्यासाठी एक बस करून घेतली. तेव्हा जे शक्य झाले त्यामागे इच्छा होती, पैसा होता आणि परवानग्यांसाठी कोणाच्या दारी खेटे घालावे लागले नव्हते. छोट्या हत्तीच्या मालकाकडे यांपैकी फक्त पहिली गोष्ट आहे. उरलेल्या दोन त्याला मिळवून देणे जमत नसेल, तर विजेची झूल दाखवून त्याला आशेवर ठेवण्याऐवजी सरकारने त्याच्या जुन्या गाडीची वाजवी किंमत त्याच्या हातावर ठेवावी.